हाताने छापल्यासारखा जाड, खडबडीत फॉन्ट कसा बनवायचा

जुन्या पोस्टरवरची ती जाडजूड अक्षरं, कुठे शाई जास्त कुठे कमी, कडा खाल्लेल्या, बघितली की आपलाही असा फॉन्ट असावा असं वाटतंच आणि मग बरेच जण सरळ तयार फॉन्टवर फिल्टर मारतात. नका करू तसं, ते लगेच कळतं. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी टाइप (छपाईचे अक्षरांचे ठोकळे) कोरायला राउटर, म्हणजे फिरत्या पात्याचं कोरणारं यंत्र, आणला तेव्हापासून मोठाली लाकडी अक्षरं भराभर बनायला लागली, आणि आपल्याला आवडतो तो खडबडीतपणा त्याच लाकडाच्या रेषांचा, झिजलेल्या कडांचा आहे. म्हणजे तो ठशातूनच यायला हवा.

आधी पेन्सिलने अक्षरं काढा, सात-आठ सेंटीमीटर उंच. जाड करताना आतली पोकळी मोठी ठेवा कारण शाई ती खातेच, आणि ध, भ यांच्या डोक्यावरची मोकळी जागा तर वाटते त्याच्या दुप्पट ठेवा, ती भरली की ध चा घ आणि भ चा म झालाच म्हणून समजा.

मग जाड पुठ्ठ्यातून किंवा लिनोवर (ठसे कोरायचा लिनोलियमचा मऊ तुकडा) अक्षर कापा, उलटं हं, आरशात दिसतं तसं. रोलरने शाईचा पातळ थर लावून एकदाच शाई घेऊन तीन-चार ठसे मारा. पहिला गच्च येतो, शेवटचा फिका, मला स्वतःला दुसरा-तिसरा सगळ्यात जिवंत वाटतो.

आता ठसे कॉम्प्युटरवर घ्या: 600 डीपीआयला (स्कॅनचा बारकावा) स्कॅन, गिम्प या फोटो-एडिटरमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे चित्र निव्वळ काळं-पांढरं करणं, आणि इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस बिटमॅप, म्हणजे त्या चित्राच्या कडांची रेषाकृती करणं. इथे स्पेकल्सची सेटिंग वाढवून बारीक ठिपके उडवा, नाहीतर एका अक्षरात हजारो नोड (रेषेवरचे बिंदू) होतात आणि फाइल जड होऊन बसते.

आता फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एम (अक्षराच्या चौकटीचं माप) 1000 ठेवून एकेक आकार आपापल्या जागी आणा. इथे घाई करू नका, देवनागरीत खरी परीक्षा शिरोरेषेची आहे. सगळ्यांची उंची आणि जाडी सारखी हवी, दोन्ही टोकं साफ हवीत आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली हवीत, नाहीतर शब्दात फटी दिसतात. खडबडीतपणा मधल्या भागात राहू दे.

प्रत्येक अक्षराचे दोन ठसे फॉन्टमध्ये घाला आणि काल्ट (calt, शेजारची अक्षरं बघून आकार बदलणारं फॉन्टमधलं) फीचरने ते आलटून पालटून येतील असं करा. नाहीतर ‘मामा’ लिहिलं की दोन्ही म वर तोच ओरखडा, आणि सगळी मेहनत पाण्यात.

शेवटी 48 पॉइंटच्या वर ‘धबधबा’ प्रिंट करून भिंतीला लावा आणि लांबून बघा. घबघबा वाचलं गेलं तर ध ची खाच परत कोरा आणि नवा ठसा घ्या.