साठीनंतर पहिल्यांदा स्कूटर चालवताना

वयाची ४० वर्षे ओलांडलेल्या अर्जदाराला शिकाऊ परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते; ते काम आधी उरकावे. सरावासाठी मोकळे मैदान आणि सकाळची वेळ निवडावी, कारण सोलापूरचे ऊन हेल्मेटमध्ये फार वेळ सोसवत नाही. प्रथम इंजिन बंद ठेवून, सीटवर बसून, पायांनी रेटत स्कूटर पुढे न्यावी आणि ब्रेक लावून थांबवावी. तिचे वजन अंगाला कळले की निम्मी भीती जाते. सुरू करताना डावा ब्रेक दाबून धरावा आणि ॲक्सिलरेटर अगदी हलकेच पिळावा, कारण घाबरलेला माणूस मूठ सोडण्याऐवजी आणखी आवळतो (मी तसेच करून थेट कुंपणाला भिडलो होतो). रस्त्यावर उतरल्यावर जानेवारीतील गड्डा यात्रेच्या (सोलापुरातील सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत, ती जिथे भरते त्या होम मैदानाचा गर्दीचा परिसर टाळावा.