पाकटाचा काटा लागला तर बर्फ नको, गरम पाणी

कोल्हापूरहून करूळ घाट उतरून तारकर्लीला पोचलं, की पंचगंगेत उडी मारायच्या सवयीनं माणूस धावतच समुद्रात शिरतो. उथळ पाण्यात पाकट, म्हणजे लांब शेपटीचा चपटा मासा (स्टिंगरे), वाळू अंगावर घेऊन पडलेला असतो. त्याच्यावर पाय पडला की शेपटी उसळते आणि दातेरी, विषारी काटा घोट्याशी घुसतो. म्हणून पाय उचलून टाकू नका, तळवा वाळूवर घासत चला. हादरा जाणवला की तो आपणहून सरकतो.

काटा लागलाच तर माणसाला पाण्याबाहेर बसवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा, मग जखमेतली वाळू धुऊन काढा. वर दिसणारे बारीक तुकडे चिमट्यानं काढा. काटा खोल रुतला असेल, किंवा छातीत, पोटात, मानेत असेल, तर ओढू नका; काटा तसाच ठेवून दवाखान्यात न्या. २००६ साली टीव्हीवरचा ऑस्ट्रेलियन प्राणीतज्ज्ञ स्टीव्ह आयर्विन याचा जीव छातीत लागलेल्या अशाच काट्यानं गेला.

वेदना मारतं ते गरम पाणी. हे विष प्रथिनांचं, उष्णतेनं त्याचा जोर मोडतो. पाणी ४५ अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर एक तांब्या उकळतं आणि तीन तांबे साधं पाणी बादलीत मिसळा. आधी धडधाकट पाय घालून बघा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही आणि कातडी भाजून निघते. ही चूक फार होते. पाय ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी निवलं की पाय बाहेर काढूनच गरम पाणी ओता.

घट्ट दोरी बांधणं, चीर देणं, तोंडानं ओढणं, हळद-चुना भरणं, यातलं काही नको. दुखणं थांबलं तरी डॉक्टरांना दाखवा: काट्याचे तुकडे आत राहतात, एक्स-रे लागू शकतो, धनुर्वाताचं इंजेक्शनही. मधुमेह असेल तर त्याच दिवशी जा. श्वास लागला, चक्कर आली तर पाणी तापवत बसू नका.

घरी शिंगाळा (कॅटफिश) मासा आणलात तर तोही जपून हाताळा. एक काटा पाठीवर, दोन कल्ल्यांमागच्या परांत. मासा मेला, बर्फात राहिला, तरी विष उरतं. बाजारातच तिन्ही काटे तोडून घ्या. घरी तोडलेत तर जाड कागदात गुंडाळून टाका, नुसती पिशवी ते फोडतात आणि कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात.