जुनी जीप डोंगरात न्यायची आहे? आधी या चुका टाळा

जुन्या जीपवरचा खर्च बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने होतो. आधी रंग, मग रुंद टायर, मग बंपरवर विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) आणि काचेच्या वर एलईडी बार. पैसे उरले तर ब्रेक. पहिल्याच पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या किंवा ताम्हिणीच्या बाजूच्या एखाद्या चिखलात ती रुतते, आणि तेव्हा विंच नवा कोरा असतो, पण बॅटरीत जीव नसतो.

इथे ज्या गाड्यांबद्दल बोलतोय त्या आपल्याकडच्या जीप: अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या सीजे-३बीवरून महिंद्राने बनवलेली उंच बॉनेटची पेट्रोल जीप, तिच्यातून पुढे आलेल्या सीजे ३४० आणि ५००, आणि नंतरच्या एमएम ५४०, ५५०. उंच बॉनेटला कारण आहे. त्या २.२ लिटरच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला सामावायला बॉनेट वर उचलावं लागलं. ताकद मात्र जेमतेम सत्तर-पंचाहत्तर हॉर्सपॉवर. तरीही या गाड्या डोंगर चढल्या, कारण वजन कमी, टायर अरुंद आणि गिअरिंग खूप खालचं. ताकद कमी आहे हे गृहीत धरूनच इंजिनामागचे सगळे भाग बनवलेले आहेत. अपग्रेडच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात: एक भाग दणकट केला की ताण नाहीसा होत नाही, तो पुढच्या भागावर जाऊन बसतो.

कागद न बघता गाडी घेणे

लिलावातली लष्करी जीप, गावाकडच्या गोठ्यात पडलेली जीप, पंजाब-हरियाणातून 'तयार' होऊन आलेली जीप, सगळ्या स्वस्त वाटतात. चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, त्यावर घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का बघा आणि मगच आरसीशी ताडा. इंजिन नंबर आणि इंधन तर हमखास जुळत नाही. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली प्यूजोचं डिझेल, हे चित्र नेहमीचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदीत बदल करणारं काम परवानगीशिवाय चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. 'आमच्या इथे सगळे असंच करतात' हे उत्तर अपघातानंतर विमा कंपनीला देऊन बघा.

आणखी एक गोंधळ 'व्हिंटेज' नोंदणीचा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावं लागतं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे व्हिंटेज नंबरही हवा आणि टर्बो डिझेल, लॉकर (एका आसावरची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं यंत्र), तेहतीस इंची टायरही हवेत, हे एका गाडीत बसत नाही. आधी ठरवा. माझं मत विचाराल तर मूळ हरिकेन इंजिनासकट पूर्ण गाडी हाती लागली असेल तर तिला हात लावू नका. चिखलासाठी दुसरी शोधा.

रंगापासून सुरुवात

पत्र्याचं काम आधी केलं की चासी बघायची राहून जाते. बॉडी उतरवा, चासी उघडी करा, तारेच्या ब्रशने घासा. तडे ठरलेल्या जागी सापडतात: स्टेअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे, पाट्यांच्या (सस्पेन्शनच्या लोखंडी पट्ट्यांच्या) हँगरपाशी आणि मागच्या आडव्या मेंबरच्या कोपऱ्यांत. हातोडीने ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या जागी तो बद्द होतो. तड्यावर नुसती पट्टी मारून वेल्डिंग करू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तो थांबवा, व्ही आकारात घासून भरा, आणि मगच वरून पट्टी. बाजारात मिळणारी तयार नवी बॉडी घेणार असाल तर पत्र्याची जाडी मोजून घ्या. पातळ पत्र्याच्या तळाला रोलबार (गाडी उलटली तर डोकी वाचवणारी नळीची चौकट) बोल्टने आवळला तर गाडी उलटताना तो पत्रा फाडून खाली जातो. रोलबारचा पाय चासीवर यायला हवा.

रंगकामानंतरचा एक बिघाड फार जणांना चकवतो. चासी पावडर कोटिंग करून चकचकीत आली, वायरिंग नवं, बॅटरी नवी, आणि तरी सेल्फ कण्हतो, दिवे मंद. कारण अर्थिंग. जुन्या जीपमध्ये करंटचा परतीचा रस्ता लोखंडातून असतो आणि तुम्ही तो रंगाने बंद केलेला असतो. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवत असेल तर सेल्फ खोलू नका. इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी अशा दोन जाड पट्ट्या, रंग खरवडलेल्या जागी लावा. लष्करी गाडी असेल तर ती २४ व्होल्टची आहे का हे बल्ब विकत घेण्याआधी तपासा.

मोठं इंजिन, तेच जुनं बाकीचं

अडीच लिटरचं डिझेल बसवणं आता गावोगावच्या गॅरेजला जमतं. बसल्यावर काय होतं ते कमी लोक सांगतात. तीन गिअरचा जुना बॉक्स आवाज करू लागतो. मग गिअरबॉक्स बदलतो. मग प्रोपेलर शाफ्टचे (ताकद अॅक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, जातात. ते जाड केले की मागच्या अॅक्सलची पाळी. जुन्या सीजेच्या मागच्या अॅक्सलचं टोक निमुळतं असतं आणि हब त्यावर किल्लीच्या (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) आणि नटच्या जोरावर घट्ट बसतो. नट जरा सैल राहिला की सगळा जोर किल्लीवर येतो. पुढे-मागे करताना चाकातून 'टक्' असा एकच आवाज आला, तर क्रॉस बदलण्याआधी हा नट बघा. लॉकर बसवला की हे आणखी लवकर होतं, कारण आता एकाच चाकावर सगळी ताकद जाऊ शकते.

इंजिन तापतंय? 'थर्मोस्टॅट काढून टाक' हा सल्ला प्रत्येक गॅरेजात फुकट मिळतो. तो ऐकण्याआधी गाडी कधी तापते ते बघा. घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरला, कमी वेगात तापत असेल तर हवा कमी पडते आहे: पंख्याभोवतीचं आच्छादन गायब असेल, पंखा रेडिएटरपासून लांब असेल, किंवा पुढे लावलेल्या विंचने आणि दिव्यांनी जाळी झाकली असेल. हायवेला सत्तरच्या वेगात तापत असेल तर हवा भरपूर आहे, म्हणजे रेडिएटर आतून चोंदलाय किंवा पंप पाणी नीट ढकलत नाही. आणि थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा घट्ट झाला, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट.

पेट्रोलवरून डिझेलवर गेलात आणि ब्रेकचा बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पेडल हलकं करणारा डबा) लावलात तर व्हॅक्यूम पंप चालू स्थितीत आहे ना ते बघा. डिझेलच्या मॅनिफोल्डमधून पेट्रोलसारखा व्हॅक्यूम मिळत नाही. चढावर इंजिन बंद पडलं की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच साठा उरतो. त्या वेळी पेडल पुन्हा पुन्हा पंप करायचं नाही. एकदाच दाबून धरायचं.

टायर आणि उंची

मूळचा ६.००-१६ टायर साधारण २९ इंच उंच. त्याच्या जागी ३३ इंची टायर लावला की ५.३८ गुणोत्तराचं डिफरन्शियल (अॅक्सलमधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) व्यवहारात ४.७३ सारखं वागतं. म्हणजे ज्या खालच्या गिअरिंगच्या जोरावर ही गाडी चढत होती तेच तुम्ही पैसे देऊन घालवलं. ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर लावावा लागतो, आणि स्पीडोमीटर ५० दाखवत असताना गाडी ५७ ने पळत असते. वर रुंद रिम बाहेर काढून बसवले की व्हील बेअरिंग आणि किंगपिनवर (पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीवर) तरफेचा जोर येतो. सह्याद्रीच्या चिखलात अरुंद टायर खालच्या मुरमापर्यंत कापत जाऊन पकड घेतो. रुंद टायर वरच तरंगून घसरतो. ३१ इंच पुरे, असं मला वाटतं. त्यापुढे जायचं असेल तर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधले मुख्य गिअर) आणि ब्रेकचं बजेट त्याच वेळी धरा.

उंचीसाठी लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उपाय. पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकलने अॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा किंगपिनचा मागचा कल) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटू लागते. जास्तीचे पाटे घालून उंची वाढवली तर गाडी ताठ होते, चाक खड्ड्यात खाली उतरत नाही, हवेत राहतं.

यानंतर येते ती स्टेअरिंगची फडफड. चाळीस-पन्नासला एक खड्डा लागतो आणि पुढची चाकं वेड्यासारखी हलू लागतात. लोक स्टेअरिंग डॅम्पर विकत घेतात. डॅम्पर फडफड दाबतो, कारण तसंच राहतं. पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिनचं बेअरिंग, म्हणजे शिम (पातळ चकत्या) काढून घट्ट करावं लागेल किंवा बेअरिंग बदलावं लागेल. मग टाय रॉडची टोकं, मग टायर बॅलन्सिंग. डॅम्पर सगळ्यात शेवटी.

ब्रेकची भाषा ओळखा

पहिल्या दाबात पेडल खाली, दुसऱ्यात वर: शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) अॅडजस्ट करायचे आहेत. पेडल लिबलिबीत: हवा. पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू बुडत गेलं, पण बाहेर कुठे तेल नाही: मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं. एका बाजूला ओढते: त्या बाजूचं सोडून दुसऱ्या बाजूचं ड्रम उघडा, बहुतेक तिथे हबच्या सीलमधून तेल येऊन शू भिजलेले असतात.

जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. उतारावर हँडब्रेक ओढून मागचं एक चाक जॅकवर घेतलंत की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि गाडी चालू लागते. चाकाखाली दगड लावल्याशिवाय जॅक हातात घेऊ नका. खडकाळ वाटेवर मागचं चाक हवेत असतानाही हाच प्रकार होतो.

फोर-व्हील डांबरावर

या ट्रान्सफर केसमध्ये मध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळलात की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात आणि लिव्हर अडकतो. हातोडी नको. गाडी थोडी सरळ मागे घ्या, पीळ सुटतो, लिव्हर येतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले तरी हेच होतं.

गिअरबॉक्समधलं तेल कमी आणि ट्रान्सफर केसमध्ये जास्त सापडलं तर चोरी झालेली नाही. दोघांमधल्या सीलमधून ते सरकतं. दोन्ही तपासायची सवय ठेवा. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल घाला. जीएल-५ मधली रसायनं गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खातात. डिफरन्शियलला मात्र जीएल-५ च हवं.

पाणी

ओढ्यात शिरण्याआधी दोन मिनिटं थांबा. तापलेला अॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (अॅक्सलच्या हवेच्या छिद्रातून), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती बॉनेटपर्यंत वर नेणं हे शंभर-दोनशे रुपयांचं काम कुठल्याही विंचपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी) लावलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. खालच्या होजचा एक क्लॅम्प सैल असेल तर ते नुसतं शोभेचं नळकांडं. इंजिन पाण्यात बंद पडलं तर सेल्फला हात लावायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढा, इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या. ओढतानाही पट्टा बंपरला बांधू नका. चासीला बोल्टने आवळलेले हुक पुढे-मागे आधीच असावेत.

समुद्रकिनारी तर जाऊच नका. खारं पाणी चासीच्या आत जातं आणि तुम्ही घासलेला, रंगवलेला सगळा खटाटोप दोन वर्षांत गंजतो. कोकणातल्या सड्यांवरही नको. तिथल्या मातीच्या पातळ थरात चाकोरी पडली की वर्षानुवर्षं बुजत नाही.

घरी आलात की गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट जरासा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत असेल तर आधी तेच ठिबकेल. ठिबकलेलं तेल दुधाळ दिसलं तर पुढचा-मागचा डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस सगळ्यांचं तेल त्याच आठवड्यात बदला, आणि पुढच्या दोन्ही नकलचे (चाकं वळतात त्या सांध्यांचे) गोळेही उघडा. ग्रीस राखाडी झालेलं असेल तर नव्या फेल्ट आणि सीलशिवाय ते परत बंद करू नका.