अँजेलिका की अँड्रोमेडा? इटालियन शाईचित्र ओळखताना या चुका टाळा

खडकाला बांधलेली विवस्त्र तरुणी, खाली लाटांतून डोकं काढणारं अजस्र जनावर, वरून झेपावणारा वीर. जुन्या इटालियन शाईचित्रात हे दिसलं की लगेच ग्रीक पुराणातले ‘पर्सियस आणि अँड्रोमेडा’ म्हणून मोकळं होऊ नका. इटालियन कवी आरिओस्तोच्या ‘ओर्लांदो फुरिओसो’ या वीरकाव्यात (पहिली आवृत्ती १५१६, अखेरची ४६ सर्गांची १५३२) दहाव्या सर्गात हुबेहूब हाच देखावा आहे. फक्त तिथे बांधलेली आहे अँजेलिका आणि सोडवायला येतो रुज्जेरो. कवीने जुनी कथाच नव्याने सांगितल्यावर घोटाळा होणारच.

आधी वाहन बघा. रुज्जेरोचा हिप्पोग्रिफ पुढून ग्रिफिन (गरुडाचं डोकं-पंख आणि सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी), मागून घोडा. पर्सियस मूळ कथेत पंखांच्या पादत्राणांनी उडतो, पण कित्येक चित्रकारांनी त्याला पंखवाल्या घोड्यावर बसवलंय. म्हणून नुसते पंख पुरत नाहीत, चोच शोधा. घाईच्या रेघोट्यांत तीही कळत नसेल, तर पुढचे पाय: खूर आहेत की नख्या? मग हात. केसांच्या जागी साप असलेल्या मेड्युसा राक्षसिणीचं मुंडकं असेल तर पर्सियस. डोळे दिपवणारी ढाल रुज्जेरोची. द्रोणागिरी दिसला की आपण मारुती ओळखतो, तसंच हे.

झाडावर नावं कोरणारं जोडपं जरा अवघड. ते अँजेलिका आणि त्याच काव्यातला तिचा प्रियकर मेदोरो असेल, किंवा ग्रीक कथेतला मेंढपाळ पॅरिस आणि त्याची पहिली बायको इनोनी. मेंढ्यांवरून ठरवू नका, अँजेलिका-मेदोरोही धनगराच्या घरीच राहिले होते. कोरणारी ती असेल, तर मी अँजेलिकाकडे झुकेन.

शाई तपकिरी दिसली म्हणून ‘सेपिया’ (कटलफिश या समुद्री जीवाच्या शाईचा रंग) लिहिणं ही सर्रास होणारी चूक. सेपियाचा वापर रुळला अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधीच्या चित्रात बहुधा माजूफळ आणि हिराकस यांची शाई असते: लिहिल्यावर काळी, कालांतराने तपकिरी. आपल्या पोथ्यांची काजळाची शाई अशी रंग बदलत नाही. लाकडाच्या धुराच्या काजळीपासून केलेला बिस्टर हा रंगही तपकिरीच, त्यामुळे नुसत्या नजरेने पैज लावू नका.

कोपऱ्यातलं मोठ्या चित्रकाराचं नाव? ते बऱ्याचदा नंतरच्या मालकाने टाकलेलं असतं. सही समजू नका.

आणि असं चित्र घरात असेल तर लॅमिनेशन अजिबात नको. हिराकसाची शाई आम्लधर्मी, आत अडकलेली ओल लागली की कागद खात जाते, रेघेच्या जागी चीर पडते.