टेनिसच्या नियमांवर वाद घालायचाय? आधी त्या नियमामागची मॅच शोधा

14 जुलै 2019 चा रविवार ज्यांनी रिमोट हातात घेऊन घालवला त्यांना वेगळं सांगायला नको. एका चॅनलवर लॉर्ड्सला इंग्लंड न्यूझीलंड वर्ल्डकप फायनल, दुसऱ्यावर विम्बल्डनला जोकोविच फेडरर, मी दर ओव्हरला चॅनल बदलतोय आणि आई म्हणतेय अरे एक काहीतरी ठेव. रात्री बाराच्या आसपास दोन्हीकडे सारखंच झालं, बरोबरी सुटेना आणि निकाल नियमाने लागला. क्रिकेटमध्ये सुपर ओव्हर पण टाय म्हणून बाउंड्री मोजल्या, टेनिसमध्ये पाचव्या सेटला 12-12 गेम झाल्यावर टायब्रेकर, म्हणजे पुढे गेम न खेळता थेट पॉइंट मोजून सेट संपवायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाउंड्रीवर सगळे पोटतिडकीने बोलत होते, हा नियम कुठून आला, कुणी केला, न्याय झाला का. विम्बल्डनचा विषय काढला की मात्र "फेडरर बिचारा" इतकंच, पुढे काही नाही. 12-12 हा आकडा आला कुठून हे कुणी विचारलंच नाही, आणि खरी गंमत तर तिथेच होती!

टेनिसवर नीट बोलायचं असेल तर माझ्या मते एक सवय लावून घ्या. नियम ऐकला की त्याच्या मागची मॅच शोधायची. टेनिसमधले बरेच नियम कुठल्यातरी एका मॅचने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले म्हणून बदललेत. मॅच सापडली की नियम पाठ करावा लागत नाही, तो गोष्टीसारखा लक्षात राहतो.

हे 12-12 चंच बघा. 2010 च्या विम्बल्डनला पहिल्या राउंडमध्ये इस्नर आणि माहू तीन दिवस खेळले, एकूण 11 तास 5 मिनिटं, पाचवा सेट 70-68. कोर्ट नंबर 18 वरचा इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड 47-47 ला अडकून पडला कारण त्याच्यापुढे आकडे जातील असं तो बनवणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, पण नियम नाही बदलला. मग 2018 ची सेमीफायनल आली, परत इस्नर, समोर केविन अँडरसन, पाचवा सेट 26-24, मॅच 6 तास 36 मिनिटांची, आणि तिच्या मागे नदाल जोकोविचची दुसरी सेमीफायनल ताटकळत बसलेली, ती रात्री अर्धी सोडून दुसऱ्या दिवशी पूर्ण करावी लागली. दोन दिवसांनी फायनलमध्ये अँडरसनच्या अंगात काही उरलं नव्हतं, तीन सेटमध्ये हरला. हे जास्त लागलं. त्याच वर्षी विम्बल्डनने जाहीर केलं की 2019 पासून शेवटच्या सेटला 12-12 झालं की टायब्रेकर, आणि पहिल्याच वर्षी सिंगल्समध्ये तो थेट फायनललाच वापरावा लागला.

आता हा अँडरसन आपल्याला परका नाही. 2019 च्या जानेवारीत, म्हणजे त्या सेमीफायनलनंतर सहाच महिन्यांनी, तो पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची फायनल खेळला, समोर 39 वर्षांचा इवो कार्लोविच, उंची 6 फूट 11 इंच. मी स्टँडमध्ये होतो. कार्लोविच सर्व्हला हात वर न्यायचा ना, तेव्हा बॉल दिव्याच्या खांबावरून खाली येतोय असं वाटायचं, आणि आवाज आधी यायचा, बॉल गेला कुठे ते मागच्या पडद्याकडे बघून कळायचं. स्कोअर 7-6, 6-7, 7-6, तिन्ही सेट टायब्रेकरला गेले आणि अँडरसन जिंकला. शेजारी एक काका होते, म्हणाले टायब्रेकर नसता तर आपण आज इथेच मुक्काम केला असता. मला तेव्हा लख्ख कळलं की हा नियम कुणासाठी आहे. दोन मोठे सर्व्हर समोरासमोर आले की गेम ब्रेक होत नाही, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हवरचा गेम कुणालाच काढता येत नाही, आणि ब्रेक झाला नाही तर सेट संपायचा कसा?

दुसरी सवय म्हणजे बोलताना स्पर्धा आणि वर्ष दोन्ही सांगा. "पाचव्या सेटला टायब्रेकर असतो" हे अर्धवट वाक्य आहे, कुठे आणि कधी ते पाहिजे. यूएस ओपनला 1970 पासून होता. ऑस्ट्रेलियन ओपनने 2019 ला 6-6 वर 10 पॉइंटचा आणला, विम्बल्डनचं वर सांगितलंच, आणि फ्रेंच ओपनला नव्हताच, दोन गेमची लीड मिळेपर्यंत खेळत बसा. चार स्पर्धा चार नियम. 2022 च्या मार्चमध्ये चौघांनी मिळून ठरवलं की सगळीकडे शेवटच्या सेटला 6-6 झालं की 10 पॉइंटचा टायब्रेकर, त्या वर्षीच्या फ्रेंचपासून सुरू. त्यामुळे जुनी मॅच आणि नवी मॅच यांची तुलना करताना हे डोक्यात ठेवायला लागतं, नाहीतर "पूर्वीचे प्लेअर किती वेळ खेळायचे, आताच्यांत दम नाही" असलं काहीतरी आपण बोलून जातो आणि ते खरं नसतं.

दम नाही म्हणणाऱ्याला 8 जून 2025 ची फ्रेंच ओपन फायनल दाखवा. अल्काराझ आणि सिनर, 5 तास 29 मिनिटं, फ्रेंचच्या इतिहासातली सगळ्यात लांबलेली फायनल. चौथ्या सेटला सिनर 5-3 ने पुढे, अल्काराझच्या सर्व्हवर 0-40, तीन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे त्यातला एक जरी जिंकला तरी स्पर्धा खिशात. अल्काराझने तिन्ही वाचवले, सेट काढला, पाचव्यात 6-6 आणि मग 10 पॉइंटचा टायब्रेकर अल्काराझने 10-2 ने घेतला. आपल्याकडे बारा वाजून गेलेले, खालच्या मजल्यावरचे झोपलेत म्हणून मी उशीत तोंड घालून ओरडलो.

अशा मॅचवर बोलायला बसलात तर टायब्रेकरचं सर्व्हचं गणित एकदा हाताने लिहून बघाच, कारण निम्मे लोक तिथेच गडबडतात. पहिला पॉइंट एकजण सर्व्ह करतो, फक्त एकच. मग समोरचा दोन, मग परत पहिला दोन, असं दोन दोन. दर सहा पॉइंटला बाजू बदलायची. साध्या टायब्रेकरला 7, शेवटच्या सेटच्याला 10, आणि दोन्हीकडे दोनची लीड लागतेच. स्वतःच्या सर्व्हवर पॉइंट गेला की त्याला मिनी ब्रेक म्हणतात. 10-2 मध्ये सिनरच्या सर्व्हवरचे कमीत कमी किती पॉइंट गेले असतील मोजून बघा, म्हणजे ती मॅच शेवटी किती एकतर्फी झाली हे कुणी सांगायला लागणार नाही.

आकड्यांचं पण सांगतो. त्या फायनलला सिनरने एकूण पॉइंट 193 जिंकले, अल्काराझने 192. हरलेल्याचा एक जास्त! 2019 विम्बल्डनला फेडररचे 218, जोकोविचचे 204, आणि फेडररकडे पाचव्या सेटला 8-7, 40-15 असताना स्वतःच्या सर्व्हवर दोन चॅम्पियनशिप पॉइंट होते. म्हणून "पॉइंट जास्त म्हणजे खेळला जास्त चांगला" असं म्हणून वाद जिंकायला जाऊ नका. टेनिसमध्ये 6-1 ने घेतलेला सेट आणि 7-6 ने घेतलेला सेट सारखाच, त्यामुळे कुठला पॉइंट कधी जिंकला हेच बघायचं. त्या विम्बल्डन फायनलमधले तिन्ही टायब्रेकर जोकोविचने जिंकलेत, तिथून सुरुवात करा, मग फेडरर बिचारा की जोकोविच भारी हे ठरवा.

लाइन कॉलचा, म्हणजे बॉल आत की बाहेर ह्या निर्णयाचा विषय सध्या सगळ्यात तापलेला आहे. इथेपण मागे जायचं. 2004 च्या यूएस ओपनला क्वार्टरफायनलमध्ये सेरेना विल्यम्स विरुद्ध कॅप्रियाती, सेरेनाचा सरळसरळ आत पडलेला बॉल अंपायरने आऊट दिला, घरात टीव्हीवर जगाने बघितलं की आत आहे. त्यानंतर हॉक आयला, म्हणजे बॉल कुठे पडला ते कॅमेऱ्यांनी दाखवणाऱ्या सिस्टीमला जोर आला आणि 2006 ला यूएस ओपनमध्ये चॅलेंज सुरू झालं, म्हणजे निर्णय पटला नाही तर प्लेअरने तो कॅमेऱ्यावर तपासून मागायचा. पुढे चॅलेंज पण गेलं आणि कॅमेरेच थेट आऊट ओरडायला लागले. 2025 पासून पुरुषांच्या एटीपी टूरवर सगळीकडे तसंच, आणि विम्बल्डनने पण त्या वर्षी लाइन जज काढले, 147 वर्षांची परंपरा बंद. त्याच विम्बल्डनला सेंटर कोर्टवर पाव्ल्युचेन्कोवा आणि कार्टल यांच्या मॅचला माणसाच्या चुकीने कोर्टाच्या एका भागातली सिस्टीम काही वेळ बंदच राहिली, कार्टलचा बॉल बाहेर पडला, आवाज आला नाही आणि अंपायरने पॉइंट परत खेळायला लावला. कुणी म्हणालं की मशीन चुकलं तर त्याला विचारा, मशीन चुकलं का मशीन बंद होतं? दोन्ही वेगळे मुद्दे आहेत आणि वादात ते फार पटकन एकमेकांत मिसळतात.

मातीच्या कोर्टवर आणखी वेगळं. लाल मातीत बॉलचा ठसा उमटतो, पूर्वीपासून अंपायर खुर्चीवरून उतरायचा, ठशाजवळ वाकायचा, बोटाने दाखवायचा. आता मातीवरच्या टूरच्या स्पर्धांना पण कॅमेरे आलेत आणि अंपायरला ठसा बघायची परवानगी नाही. 2025 ला श्टुटगार्टला साबालेंकाने आणि माद्रिदला झ्वेरेव्हने मोबाइल आणून ठशाचा फोटोच काढला, दोघांना वॉर्निंग मिळाली. फ्रेंच ओपनने मात्र 2025 ला माणसंच ठेवली. माझं मत विचाराल तर कॅमेरे बरोबर आहेत, कारण माती कोरडी ओली, जास्त कमी असते आणि ठसा त्यानुसार दिसतो, शिवाय कुठला ठसा आताचा आणि कुठला दोन गेमआधीचा ह्यावरच पूर्वी भांडणं व्हायची. पण प्लेअरला डोळ्यासमोर एक दिसतंय आणि कानाला दुसरंच ऐकू येतंय तर त्याचं डोकं फिरणारच, हे मी पूर्ण मान्य करतो.

नियम बदलल्यावर जुन्या मॅचचा निकाल आजच्या चष्म्यातून लावायचा मोह फार होतो. लावा, पण पूर्ण लावा. 2018 ची यूएस ओपन फायनल, सेरेना आणि ओसाका. सेरेनाला पहिली वॉर्निंग मिळाली ती कोचिंगबद्दल, तिच्या कोचने नंतर कबूलही केलं की मी खूण करत होतो. मग रॅकेट आपटली म्हणून एक पॉइंट गेला, मग अंपायरला बोलली म्हणून अख्खा गेम गेला. आता 2025 पासून बाहेरून कोचिंग चालतं, ऑस्ट्रेलियन ओपनला तर कोचला बसायला कोर्टच्या कडेलाच जागा केली. माझा आतेभाऊ म्हणतो मग सेरेनावर अन्याय झाला. मी म्हणतो थांब, एकेक पायरी मोज. कोचिंगची वॉर्निंग आज मिळाली नसती हे खरं, पण रॅकेट आजही चालत नाही, म्हणजे तिथे वॉर्निंग. अंपायरला बोलणं आजही चालत नाही, म्हणजे तिथे पॉइंट. गेम मात्र गेला नसता. आणि त्या दिवशीचा नियम त्या दिवशी सगळ्यांना माहीत होता. ओसाकाने पहिला सेट 6-2 घेतला होता हे पण विसरायचं नाही, ती पोरगी फार सुंदर खेळली आणि बक्षीस घेताना रडत उभी होती, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

डोपिंगवर बोलताना तर तारखा समोर ठेवल्याशिवाय तोंड उघडूच नका. सिनरच्या दोन टेस्ट 2024 च्या मार्चमध्ये पॉझिटिव्ह आल्या, ऑगस्टमध्ये ट्रायब्युनलने त्याचा दोष नाही म्हटलं, वाडाने, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने, अपील केलं आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांच्या बंदीवर तडजोड झाली. त्याला जास्त सवलत मिळाली का हा रास्त प्रश्न आहे, जरूर विचारा. पण त्याला सरळ चोर म्हणणं ह्या कागदांत कुठेच बसत नाही.

रँकिंगचं थोडक्यात. पॉइंट 52 आठवडे टिकतात, मग गळतात. ग्रँड स्लॅम, म्हणजे वरच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकलं की 2000, पुरुषांत सेमीफायनलला 800. म्हणजे गेल्या वर्षीचा चॅम्पियन ह्या वर्षी सेमीला हरला तर चांगला खेळूनही 1200 ने खाली. कुणी अचानक दोन नंबर घसरला की फॉर्म गेला म्हणण्याआधी गेल्या वर्षी त्याच आठवड्यात त्याने काय केलं होतं ते उघडून बघा.

आणि कृपा करून डबल्सला विसरू नका, आपल्या लोकांनी मोठी नावं तिथेच कमावलीत. रोहन बोपण्णा 2024 च्या जानेवारीत 43 व्या वर्षी एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि पहिल्यांदा जगात एक नंबर झाला, ह्या वयात पहिल्यांदा एक नंबर आधी कुणी झालं नव्हतं. डबल्सचे नियम पण वेगळे, टूरवर, म्हणजे ग्रँड स्लॅम सोडून बाकीच्या स्पर्धांना, ड्यूसला (40-40 ला) पुढे अॅडव्हांटेज नाही, एकच पॉइंट आणि गेम संपला, तिसऱ्या सेटऐवजी 10 पॉइंटचा टायब्रेकर.

2025 ला यूएस ओपनने मिक्स्ड डबल्स सिंगल्सच्या आधीच उरकून घेतलं, फक्त 16 जोड्या, सेट चार गेमचे (फक्त फायनलला सहाचे), सिंगल्सचे मोठे स्टार बोलावले, विजेत्यांना दहा लाख डॉलर. स्टँड भरले हे मान्यच, पण जे वर्षभर डबल्सच खेळतात त्यातल्या बहुतेकांना जागाच उरली नाही. शेवटी जिंकली मात्र एरानी आणि वावासोरी ही इटलीची मुरलेली जोडी, फायनलला श्वियाँतेक आणि रूडला 6-3, 5-7, 10-6 ने हरवून. आतेभाऊ म्हणतो बघ, म्हणजे फॉरमॅट बरोबर, चांगले होते ते जिंकले. मी म्हणतो त्यांच्यासारख्या आणखी दहा जोड्या आत असत्या तर स्टारांच्या किती जोड्या सेमीपर्यंत आल्या असत्या ते सांग. त्याच्याकडे ह्याला उत्तर नाही, आणि स्टँड भरले नसते तर काय ह्या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून नाही.