रिमोट चालत नाही? नवा घेण्याआधी या चुका टाळा

रिमोट अडला की आधी तळहातावर आपटायचा, मग सेल गोल गोल फिरवायचे आणि तरीही ऐकलं नाही तर सरळ नवा आणायचा. दुरुस्तीच्या दुकानात बसून हा क्रम मी रोज ऐकतो. रिमोट आणि टीव्हीच्या मध्ये काय आडवं आलंय हे बघायला मात्र कोणाला सवड नसते.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक म्हणजे डोळ्यांवर भरवसा. बहुतेक रिमोट टीव्हीला प्रकाशानेच इशारा देतात, आणि तो प्रकाश ९४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, आपल्याला न दिसणारा. आपल्याला काळं दिसतं ते त्याला आरपार असू शकतं. रिमोटच्या तोंडाशी असलेली गडद पट्टी तशीच असते. एका पोराच्या रिमोटची ती पट्टी तुटली. त्याने काळ्याच्या जागी काळी म्हणून वायरिंगची इन्सुलेशन टेप चिकटवली. रिमोट मेला. मग नवे सेल, मग भांडून सेट टॉप बॉक्सही बदलून घेतला आणि शेवटी माझ्याकडे. त्या टेपमधला काजळीचा काळा रंग हा प्रकाश गिळून टाकतो. मी नखाने टेप सोलली, साधी पारदर्शक सेलोटेप लावली, चालू! वर विचारतो, “एवढंच होतं?” एवढंच होतं बाबा, पण बघायचं कोणी?

उलटंही होतं, आपल्याला आरपार दिसतं ते त्याला अडवू शकतं. साधी काच चालते, पण खिडकीची उरलेली ऊन अडवणारी फिल्म शोकेसच्या काचेला लावू नका. लाकडी दार, पुठ्ठा, गणपतीच्या सजावटीचा चमकी कागद यांतून काही जात नाही. रिमोटचं प्लॅस्टिक कव्हर चालतं, पण मळलं की पुसा किंवा बदला.

दुसरी चूक तपासणीतली. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात रिमोट धरतात, काही दिसत नाही, की म्हणे एलईडी, म्हणजे रिमोटच्या तोंडाशी असलेला बारीक दिवा, गेला. अहो, मागच्या कॅमेऱ्याला बहुतेकदा हा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो. मी सेल्फी कॅमेरा लावतो, खोलीतला दिवा मालवतो आणि बटण दाबून धरतो. जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक, अडथळा पुढे शोधा.

टीव्हीवर थेट ऊन पडत असेल तर पडदा ओढून बघा.

आणि आवाजावर चालणारे रिमोट बरेचसे ब्लूटूथवर चालतात. त्यांत ठिपका दिसला नाही म्हणून खोलत बसू नका, पेअरिंग, म्हणजे रिमोटची टीव्हीशी जोडणी, पुन्हा करा.