पुण्याहून इंग्लंडला येणाऱ्यांसाठी : लाकडाचा स्टोव्ह बसवण्याआधी

पुण्यात डिसेंबरातल्या पहाटे पारा आठ-दहा अंशांवर आला की आपण कानटोप्या काढतो. त्या हिशेबाने इंग्लंडचा पहिला हिवाळा गॅसचं बिल भरत काढला जातो आणि दुसऱ्या हिवाळ्याआधी दिवाणखान्यात लाकडाचा स्टोव्ह बसवायची टूम निघते. टूम वाईट नाही. पण दरवर्षी नवीन आलेली मंडळी त्याच चुका त्याच क्रमाने करतात, म्हणून व्हिसाची वाट बघत पुण्यात बसला आहात तेवढ्यात हे वाचून ठेवा. नियम सांगतोय ते इंग्लंडचे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तपशील बदलतात.

घर भाड्याचं असेल किंवा फ्लॅट असेल तर विषय इथेच सोडा.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो, आणि पुढेही सांगणार आहे : मोठा स्टोव्ह घेऊ नका. ‘पुढेमागे लागेल’ हे आपल्या रक्तात आहे. पातेलं मोठं, पाण्याची टाकी मोठी, कपाट मोठं. दुकानात पाच किलोवॉटचा आणि आठ किलोवॉटचा स्टोव्ह शेजारी-शेजारी दिसले की आठचाच घरी येतो. त्याऐवजी खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १४ ने भागा. ५ बाय ४ ची खोली, छत २.४ मीटर, म्हणजे ४८ घनमीटर. भागिले १४ केलं की साडेतीन किलोवॉटही भरत नाही. हा मध्यम इन्सुलेशनच्या घराचा आडाखा. नव्या घट्ट घराला याहून कमी पुरतं, फटी असलेल्या जुन्या घराला थोडं जास्त लागतं.

अशा खोलीत आठचा स्टोव्ह नीट पेटला की अर्ध्या तासात बनियनसुद्धा नकोसा होतो. मग माणूस हवेची खटकी ओढून आच दाबतो. लाकूड जळायच्या ऐवजी धुमसायला लागतं. धुरातली वाफ आणि न जळलेला डांबरी अंश थंड धुराड्याला आतून चिकटतो. काच काळी होते ती दिसते, पण वर सहा-सात मीटर धुराड्यात काय साठतंय ते कुणाला दिसत नाही. ते डांबर एखाद्या संध्याकाळी स्वतःच पेट घेतं. पाचचा स्टोव्ह मोकळ्या ज्वाळेने जळणं हे आठचा दाबून जाळण्यापेक्षा स्वस्त, स्वच्छ आणि सुरक्षित.

ज्यांच्या घरी बंब होता त्यांना वाटतं, यात काय शिकायचं? तांबट आळीतला तांब्याचा बंब ही भली वस्तू होती. त्यात करवंट्या, गोवऱ्या, मोडक्या खुर्चीचा पाय, काहीही चालायचं. कारण तो मागीलदारी किंवा उघड्या खिडकीच्या न्हाणीघरात असायचा आणि त्याची आच पाणी ओढून घ्यायचं. इथे तोच जाळ बंद खोलीत, गालिच्याशेजारी असतो आणि धूर बाहेर काढायची सगळी जबाबदारी धुराड्याची. पुण्यातल्या स्वयंपाकघरातली ‘चिमणी’ पंख्याने ओढते. धुराडं मात्र फक्त गरम हवा वर चढते एवढ्याच बळावर चालतं. ते बुटकं, थंड किंवा तुंबलेलं असेल तर धूर खोलीत येणारच. म्हणून खर्चाची वाटणी करताना स्टोव्हच्या दिसण्यावर कमी आणि धुराड्यावर जास्त खर्च करा.

जुन्या घरात विटांचं धुराडं असतं. ‘आयतं आहे की’ म्हणून स्टोव्हची नळी नुसती त्यात खुपसू नका. शंभर वर्षांत विटांमधला चुना झडलेला असतो आणि धूर वरच्या बेडरूममध्ये झिरपतो. आधी साफ करून घ्या, कॅमेरा सोडून पाहा, मग आतून स्टेनलेस स्टीलचं लवचीक लायनर सोडा. नुसतं लाकूड जाळणार असाल तर ३१६ ग्रेड चालतो, धूर न करणारा (स्मोकलेस) कोळसाही जाळायचा असेल तर ९०४. लायनरवर बाण छापलेला असतो, तो वरच्या दिशेला हवा. व्यास साधारण १५० मिलिमीटर. धूर-नियंत्रण क्षेत्रासाठी, म्हणजे जिथे धुराड्यातून धूर सोडायला बंदी आहे अशा भागासाठी, मान्यता असलेल्या काही स्टोव्हना १२५ चालतो. धुराड्याची उंची स्टोव्हपासून टोकापर्यंत साधारण साडेचार मीटर तरी हवी. वळणं चारपेक्षा जास्त नकोत आणि कुठलंच ४५ अंशांपेक्षा तीव्र नको. मागून नळी निघत असेल तर आडवा तुकडा १५० मिलिमीटरच्या आत.

नव्या घरात धुराडंच नसतं. तिथे दुपदरी, इन्सुलेशन भरलेली नळी लागते. एकपदरी नळी फक्त स्टोव्ह असलेल्या खोलीपुरती. ती मजल्यातून किंवा छपरातून न्यायची नाही. शिवाय आड काही नसेल तर एकपदरी नळीपासून जळू शकणारी वस्तू नळीच्या व्यासाच्या तिप्पट दूर हवी, म्हणजे १५० च्या नळीला ४५० मिलिमीटर. इथे आपले लोक फसतात. नव्या इंग्लिश घरातली भिंत दिसायला भिंत, पण आत प्लास्टरबोर्ड आणि लाकडी पट्ट्या. पुण्यातल्या विटांच्या भिंतीचा भरवसा तिच्यावर ठेवू नका. स्टोव्हपासून किती अंतर ठेवायचं ते त्याच्या पुस्तिकेत असतं. मागचं आणि बाजूचं अंतर वेगवेगळं दिलेलं असतं, दोन्ही वाचा.

स्टोव्हखाली दगडी बैठक लागते. खालची जागा १०० अंशांच्या वर तापत नाही असं पुस्तिकेत लिहिलं असेल तर १२ मिलिमीटर जाडीचा दगड पुरतो. नसेल तर १२५ मिलिमीटरची भरीव बैठक. दारासमोर किमान २२५ मिलिमीटर आणि बाजूंना १५० मोकळं सोडा. दार उघडं ठेवून चालवायचा स्टोव्ह असेल तर समोर ३००. चूल सारवतो तसं हे हौसेचं काम नाही, ठिणगी उडते तिथली ही जागा आहे.

बसवायला ‘हेटास’सारख्या योजनेत नोंदलेला कारागीर बोलवा. तो स्वतःच कामाची नोंद करतो आणि तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत तर काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बिल्डिंग कंट्रोल खात्याला कळवावं लागतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘एक माणूस आहे, निम्म्या पैशात करतो’ असं सांगणारा एक तरी भेटतोच. त्या माणसाकडून किचनच्या टाइल्स बसवून घ्या. घर विकताना वकील स्टोव्हचा कागद मागतो, विमा कंपनी आग लागल्यावर मागते. काम संपलं की धुराची चाचणी तुमच्यासमोर करायला लावा आणि धुराड्याची माहिती लिहिलेली पाटी घरात लावली आहे का ते पाहा.

आता हवा. लाकूड जळायला हवा सहसा खोलीतूनच जाते. जुन्या घरात पाच किलोवॉटपर्यंत वेगळं भोक सहसा लागत नाही. त्यावरच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिलिमीटर कायम उघडी जाळी लागते. नव्या हवाबंद घरात पहिल्या किलोवॉटपासूनच ५५०, म्हणजे पाचच्या स्टोव्हला २७५०, साधारण सव्वापाच सेंटिमीटरचा चौकोन. आठचा घेतलात तर ४४००. बघा, मोठा स्टोव्ह इथेही नडतो. ही जाळी झाकायची नाही. ‘गार वारा येतो’ म्हणून तिच्यात जुना टॉवेल कोंबणारे सुशिक्षित लोक आपल्यातच आहेत.

आपल्या घरांत आणखी एक भानगड असते ती फोडणीच्या पंख्याची. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना एकत्र असेल तर हिंगमोहरी तडतडताना लावलेला जोरदार एक्झॉस्ट खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि भरपाई म्हणून धुराड्यातला धूर खाली ओढतो. कारागिराला धुराची चाचणी पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवून, दारं-खिडक्या लावून करायला सांगा. तो स्वतःहून करेलच असं नाही, कारण त्याच्या घरी फोडणी नसते.

कार्बन मोनॉक्साइड काय करतो ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत. रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, ताप मात्र नसतो आणि बाहेर पडलं की बरं वाटतं. नवा स्टोव्ह बसवताना त्याच खोलीत याचा अलार्म लावणं इंग्लंडमध्ये बंधनकारक आहे. स्टोव्हपासून आडवं अंतर १ ते ३ मीटर. छतावर लावला तर भिंतीपासून ३०० मिलिमीटर दूर. भिंतीवर लावला तर छतापासून निदान १५० खाली, पण दार-खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच. त्याची मुदत मागे छापलेली असते. दर महिन्याला बटण दाबून वाजवून बघा. तो वाजला तर ‘बिघडला असेल’ म्हणत बॅटरी काढू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

सरपण कोरडंच हवं, ओलावा २० टक्क्यांच्या खाली. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं आणि तुमची आच ते पाणी उकळण्यात जाते. मे २०२१ पासून इंग्लंडात दोन घनमीटरपेक्षा कमी विकलं जाणारं सरपण ‘रेडी टू बर्न’ शिक्क्याचं असावं लागतं. स्वस्तात ट्रॉलीभर ओलं लाकूड मिळालं तर ते पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षासाठी. ओकला दोन वर्षं धरा. जमिनीपासून उचलून, वरून झाकून, बाजू उघड्या ठेवून रचा. ताडपत्रीत गुंडाळलं की आत बुरशीच लागते. ओलावा मोजायचं यंत्र घ्या, पण ओंडका फोडून आतल्या ताज्या अंगावर टोचा. बाहेरची साल नेहमी खोटं बोलते. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, फर्निचरचे तुकडे, दुधाच्या पिशव्या यांना बंबात जागा होती, इथे नाही.

१९५२ च्या डिसेंबरातल्या लंडनच्या धुरक्यानंतर १९५६ साली इथे स्वच्छ हवेचा कायदा आला. आजही बहुतेक शहरं धूर-नियंत्रण क्षेत्रात मोडतात. तिथे डेफ्राची, म्हणजे सरकारच्या पर्यावरण खात्याची, मान्यता असलेलाच स्टोव्ह घ्या. तरीही धुराड्यातून धूर निघत राहिला तर ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शेजारी तक्रार करायला दार वाजवणार नाही. तो तोंडावर ‘लव्हली’ म्हणेल आणि कौन्सिलला ईमेल करेल. त्यापेक्षा सदाशिव पेठेतला शेजारी परवडला, निदान तोंडावर बोलतो.

पहिले दोन-तीन जाळ लहान ठेवा. नवा रंग भाजतो, वास येतो, खिडकी उघडी असू द्या. रोज पेटवताना जाळ वरून खाली उतरू द्या : तळाशी दोन ओंडके, त्यावर सहा-आठ बारीक ढलप्या आडव्या-उभ्या, माथ्यावर पेटवणी. हवा पूर्ण उघडी. धुराडं आधी तापतं, म्हणून धूर कमी होतो. पंधरा-वीस मिनिटांनी हवेची खालची खटकी बंद करा आणि वरच्या खटकीतल्या हवेने ज्वाळा खेळती ठेवा. एकपदरी नळीवर चुंबकाचा थर्मामीटर चिकटवा. साधारण १२० ते २४० अंशांच्या मधे काटा राहिला तर ठीक. खाली गेला की डांबर साठतं, वर गेला की स्टोव्ह भाजतो. पाचच्या स्टोव्हला तासाला दीड-पावणेदोन किलो कोरडं लाकूड पुरतं, त्याहून जास्त कोंबू नका. आणि ‘रात्रभर निखारा टिकावा’ म्हणून झोपताना ओंडके भरून हवा बंद करायची नाही. त्यानेच डांबर साठतं आणि त्यानेच मोनॉक्साइडही तयार होतो.

स्टोव्हपासून मीटरभर तरी कपडे वाळत घालू नका. वर तोरण लावू नका, गणपतीची सजावट तर मुळीच नको. लहान मूल असेल तर भिंतीला अडकवायचं जाळीचं कुंपण लागतंच.

धुराडं वर्षातून दोनदा साफ करून घ्या, त्यातलं एकदा सप्टेंबरात, कारण वसंतात पक्षी त्यात घरटी करतात. साफ करणाऱ्याकडून कागद घ्या. वर रेल्वे धडधडल्यासारखा आवाज आला तर धुराड्याला आग लागली आहे. सगळी हवा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, ९९९ ला फोन करा. पाणी ओतू नका. तापलेलं लोखंड तडकतं आणि वाफ अंगावर येते.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून बाहेर दगडावर ठेवा, निदान दोन दिवस. निखारा राखेत खूप वेळ जिवंत राहतो. प्लॅस्टिकच्या कचरापेटीत आणि व्हॅक्यूम क्लीनरमध्ये तो घातल्याच्या बातम्या इथे दर हिवाळ्यात असतात. सगळी राख काढू नका, तळाला इंचभर थर राहू दे, लाकूड त्यावर चांगलं जळतं. तुळशीबागेतून लांब दांड्याचा चिमटा जरूर आणा. फुंकणी आणू नका. स्टोव्हला फुंकर घालावी लागत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा धुराडं तुंबलंय.